पेद्दम्माचं कार्ड

आत स्वयंपाकघरात बालामणीच्या सुनेच्या हातातून डब्याचं झाकण निसटलं आणि फरशीवर गोल गोल फिरत राहिलं. शेवटी ते आडवं झालं.

"परत वाच," बालामणी म्हणाली.

"बालामणी मल्लेशम येमूल. वय सदुसष्ट," मी टॅबवरचं वाचलं. "नोंदीनुसार मृत."

"मृत म्हणजे?" चिन्नूनं विचारलं. माझी मुलगी, तेव्हा पाच वर्षांची.

"म्हणजे मेलेली," बालामणीनंच तिला सांगितलं. खाटेवर उशीला टेकून बसली होती. पाय सुजलेले, दर वाक्यानंतर थांबून श्वास घेत होती, पण जीभ तीच. "बघ ग पोरी, भूत असं असतं. घाबरलीस?"

चिन्नू माझ्या ओढणीआड सरकली आणि तिथूनच हसली.

"चेष्टा पुरे की ओ अत्ता," म्हणत सून विजी झाकण हातात घेऊनच दारात आली. तेलुगूत सासूला अत्ता म्हणतात. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "परवा दवाखान्यात पण हेच सांगितलं. माणूसच शिल्लक नाही म्हणे, कार्ड कुणाचं काढू? यांना खिडकीसमोर उभं केलं मी. तर तो मुलगा म्हणतो, मावशी, मला दिसतायत ओ, मशीनला दिसत नाहीत."

या गोष्टीला आता तीन वर्षं झाली. सोलापुरात विडी कामगारांच्या आमच्या वसाहतीत घरोघर फिरून कुणाकडे आरोग्याचं कार्ड नाही ते शोधायचं काम तेव्हा मला मिळालं होतं. चिन्नूची बालवाडी बाराला सुटायची, त्यामुळे दुपारभर तीही माझ्यामागे. ऊन लागलं की माझ्या ओढणीचं टोक डोक्यावर घ्यायची. एका घराचा फॉर्म पुरा झाला की शेवटचं हिरवं बटण तिनं दाबायचं, असं आमचं ठरलं होतं. त्या बटणासाठी ती कितीही चालायची.

पंधरा दिवसांतच मला दारावरून अंदाज यायला लागला, इथं कार्ड असेल की नसेल. दारात नवी मोटारसायकल आणि आत वीस-बावीस वर्षांची तीन पोरं असली की नसायचंच. "आम्हाला काय होतंय ताई? म्हाताऱ्यांचं काढा." म्हाताऱ्यांकडे जावं तर जन्मभर विड्या वळून बोटं इतकी गुळगुळीत झालेली की अंगठाच उमटत नाही. बिदरकडून आलेल्या भाडेकरूंचं कार्ड तिकडच्या राज्यात. नवऱ्यानं सोडलेल्या बाईचं नाव अजून सासरच्या रेशनकार्डात, आणि सासरचे ते कापूनही देत नाहीत, सांभाळतही नाहीत. एक जण तर मला म्हणाली, "माझ्या नावावर फक्त माझा आजार आहे बघ." मी हसले आणि हसता हसता तिचा फॉर्म भरला. असे चारशेच्या वर फॉर्म भरले मी, जीव लावून. कुणाचा अंगठा उमटेना तर त्याचं बोट ओल्या फडक्यानं पुसून, फुंकर घालून, दहा दहा वेळा लावून बघितला.

बालामणीचं नाव माझ्या यादीत होतं. तिचं घर मी शेवटपर्यंत मागं ठेवलं होतं.

"विजी, दूध आण जा कोपऱ्यावरून," बालामणी म्हणाली. "रजिताला काळा चहा पाजतीस का?"

"मला चहा नको," मी म्हणाले.

"तुला नको असेल, पोरीला दूध दे की. जा ग."

विजी गेली. बालामणीनं तिची पावलं कोपऱ्यापर्यंत जाऊ दिली.

"हे तुझ्या अम्मामुळं झालंय," ती हळू आवाजात म्हणाली. "तुला ठाऊक आहे."

"ठाऊक आहे."

"मग लिही की तसं. तुझ्या हातात आलंय ते बरंच झालं. दुसरी कुणी असती तर मी काय सांगितलं असतं तिला?"

खरं होतं. कागदावरची बालामणी कशी मेली, ते अख्ख्या वसाहतीत फक्त आम्हा दोघींना माहीत होतं. खरी बालामणी मेलीच नव्हती. मेली होती माझी आई, नरसम्मा.

अम्मा विड्या वळायची, पण तिला कारखान्याचं कामगार कार्ड नव्हतं. आम्ही तेलंगणातून आलो तोवर कारखान्यानं नवी कार्डं देणं बंद केलं होतं. मग जसं सगळ्या करायच्या तसं तिनं केलं. शेजारच्या बालामणीच्या कार्डावर काम. पान, तंबाखू, दोरा बालामणीच्या नावावर यायचा, अर्धा आमच्या घरी. संध्याकाळी दोघींच्या विड्या एका टोपलीत. अम्माची घडी इतकी बारीक आणि सारखी असायची की बालामणी तिच्या विड्या वरच्या थरात लावायची आणि आपल्या खाली. कारखान्यातला मुनीम म्हणायचा, बालामणीबाई, वरच्या बोटांनी वेगळ्या वळता आणि खालच्या बोटांनी वेगळ्या का? अकरा वर्षं हे चाललं. मी बालामणीला पेद्दम्मा म्हणायचे. पेद्दम्मा म्हणजे मोठी आई.

मी एकोणीस वर्षांची असताना अम्माच्या अंगावरून जायला लागलं, थांबेना. कामगारांच्या दवाखान्यात कार्डावर सगळं फुकट होतं. कार्डावरचा फोटो जुना, पुसट. बालामणीनं आपण होऊन कार्ड आणून दिलं. "जा," म्हणाली. "कोण बघतंय?"

अम्मा बालामणी होऊन भरती झाली. सवय व्हावी म्हणून रिक्षात मी तिला तीन-चारदा त्या नावानं हाक मारली. ती प्रत्येक वेळी उशिरा 'हो' म्हणायची आणि आम्ही दोघी तोंडावर पदर घेऊन हसायचो. वॉर्डात मात्र एकदाही चुकली नाही. नर्सनं झोपेत हाक मारली तरी बालामणी म्हणूनच उठायची.

गर्भाशयात गाठ निघाली. ऑपरेशन मोठ्या हॉस्पिटलात करायचं ठरलं. तिथं फोटो चालणार नव्हता, कार्डवालीचा अंगठा मशीनवर लागणार होता. बालामणीनं एकदा येऊन अंगठा दिला की झालं, पुढं टेबलावर कोण झोपतंय ते कुणी बघणार नव्हतं. ती हो म्हणाली. सोमवारी सकाळी आठला निघायचं ठरलं.

सोमवारी आठला तिचं दार आतून बंद होतं. मी कडी वाजवली. हाका मारल्या. मग पायरीवर बसले. बारा वाजेपर्यंत बसले. आतून पानं कापायच्या कातरीचा आवाज येत होता, एकसारखा. मी हाक मारली की थांबायचा, गप्प बसले की परत सुरू व्हायचा.

दुपारी दाराच्या फटीतून ती एवढंच म्हणाली, "माझं कार्ड जाईल ग. फंड आहे त्यावर, पोरीचं लग्न आहे. मी नाही येत."

अम्माला परत आधीच्या दवाखान्यात आणलं. ती आणखी बारा दिवस होती. अकराव्या दिवशी तिला ताप होता, डोळे मिटलेले. मी तिच्या कानाशी वाकून हळूच म्हणाले, "नरसम्मा." तिचं नाव मी आयुष्यात कधी घेतलं नव्हतं, पण मला वाटलं, निदान एकदा तिला तिच्या नावानं कुणीतरी हाक मारावी. तिनं डोळे उघडले. इकडेतिकडे बघितलं. "असं नको म्हणू ग," म्हणाली. "कुणी ऐकलं तर पेद्दम्माचं कार्ड जाईल."

मृत्यूचा दाखला बालामणीच्या नावानं मिळाला. मी तिथल्या माणसाला खरं सांगायला गेले, तर तो म्हणाला, "पोरी, खोट्या नावानं उपचार घेतले म्हणून तुलाच धरतील. आई नेतीस की पोलीस बोलवू?" मी आई नेली.

स्मशानातून आल्यावर सगळ्यांत मोठ्यानं बालामणी रडली. मग डोळे पुसून, मला बायकांतून बाजूला घेऊन म्हणाली, "कागद राहू दे तसाच. खोटी मरणाची बातमी आली की आयुष्य वाढतं म्हणतात."

वाढलं की. दवाखान्याचा तो कागद कारखान्यापर्यंत कधी पोचलाच नाही. अकरा वर्षं वाढलं.

"काय विचार करतीस?" खाटेवरून बालामणी म्हणाली. "डॉक्टर म्हणालाय, हृदयाच्या दोन नळ्या बंद आहेत. ऑपरेशन महिन्याच्या आत करा म्हणालाय. माझा पोरगा अंबादास दुसऱ्याची रिक्षा चालवतोय, तो कुठून करणार? कार्ड आलं की झालं. तू लिही की बाई जिवंत आहे, मी बघितली."

"तेवढ्यानं होत नाही. त्या दिवशी कोण मेलं ते पण लिहावं लागतं. माझी सही लागते."

"मग लिही. आता कोण धरतंय? कारखाना बंद, मुनीम मेला, नरसी मेली."

नरसी. अम्माला ती नरसी म्हणायची. इतक्या वर्षांत ते नाव मी कुणाच्याच तोंडून ऐकलं नव्हतं. खरं सांगायचं तर त्या एका शब्दानं मी लिहायलाच बसले. 'नोंद चूक आहे, व्यक्ती हयात' हे निवडलं. पुढं चार पानं उघडली. बालामणीचा फोटो काढला. तिनं पदर नीट करून घेतला, तिला फोटोची हौस होती.

"पोरी," ती चिन्नूला म्हणाली, "तुझ्या अम्मम्माला मी माझं कार्ड दिलं होतं, माहीत आहे? आईनं सांगितलं नाही? माझ्या नावानं राहिली ती दवाखान्यात, राणीसारखी. या गल्लीत दुसऱ्या कुणी दिलं असतं का?"

चिन्नूनं माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घालून टाइप करत होते.

"त्या सोमवारी तुम्ही घरात होतात," मी म्हणाले. विचारलं नाही, म्हणाले फक्त.

"तुम्ही काय म्हणतीस ग मला? आधी तू म्हणायचीस."

"त्या सोमवारी. मी पायरीवर बसले होते."

"कुठला सोमवार?" बालामणी म्हणाली.

मी वर बघितलं. तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. खरंच विसरली होती की विसरल्याचं दाखवत होती, ते मला आजही ठरवता आलेलं नाही. फक्त उशीची खोळ सारखी करत असलेला तिचा हात थांबला होता.

"कुठला सोमवार ग?" ती परत म्हणाली. "इतक्या वर्षांचं काय काय लक्षात ठेवू मी?"

तिनं क्षमा मागायला हवी होती असं नाही. तिला तो सोमवार आठवायला हवा होता. ती म्हणाली असती, 'होते ग मी आत, भ्याले होते,' तर मी चारही पानं भरली असती, अंगठा दहा वेळा पुसून लावला असता.

मी टॅबवर मागं आले. चार पानं मिटली. पुन्हा तो पहिला प्रश्न: नोंद चूक आहे, की नोंद बरोबर आहे. बरोबर म्हटलं की पुढं काहीच विचारलं जात नव्हतं. एकच बटण होतं, लाल.

"मी दाबू?" चिन्नू म्हणाली.

"आज नको."

"मी दाबते ना! आपलं ठरलंय ना!"

"चिन्नू, आज नको म्हटलं ना."

मी स्वतः दाबलं. बालामणी येमूल, मृत, खात्री केली. जी बाई माझ्यापासून दोन हातांवर बसून श्वास घेत होती, तिची.

"झालं?" तिनं विचारलं. तिला वाचता येत नव्हतं.

"झालं."

"किती दिवसांत येईल?"

"कळवतील."

"देव तुझं भलं करो ग," ती म्हणाली. विजी दूध घेऊन आली, तर तिला म्हणाली, "बघ, आपल्या माणसाच्या हातात असलं की असं होतंय. पाच मिनिटांत जिवंत केलं तिनं मला." चिन्नूला जवळ बोलावून गालावरून बोटं मोडली. दुधात दोन चमचे साखर घालायला लावली. चिन्नूनं पेला तोंडाला लावला, पण पेल्याच्या काठावरून ती माझ्याकडेच बघत होती.

बाहेर आल्यावर तिनं विचारलं, "लाल का दाबलं?"

"चप्पल नीट घाल," मी म्हणाले.

रागाच्या भरात एकदा बोट पडलं, असं मी सांगू शकले असते. पण तसं नव्हतं. भरलेला फॉर्म सात दिवस उघडा राहायचा, चूक दुरुस्त करायला. मग कायमचा बंद व्हायचा. पहिले सहा दिवस रोज दुपारी चिन्नूला झोपवून, तिचं डोकं मांडीवर असतानाच, मी टॅब उघडायचे आणि ते नाव बघायचे. दुरुस्ती, असं निळ्या अक्षरांत लिहिलेलं असायचं. मी चिन्नूच्या केसांतून हात फिरवत त्या निळ्या अक्षरांकडे बघत बसायचे आणि मला गोड वाटायचं. होय, गोड. मी परत त्या बंद दाराशी असायचे, पण या वेळी आतल्या बाजूला. त्या आठवड्यात मी पोटभर जेवले. चिन्नूला मऊ भाकरी कुस्करून भरवली, तिला नवी गाणी शिकवली. नवरा म्हणाला, "काय ग, लॉटरी लागली का?"

चौथ्या दिवशी विजी नळावर भेटली. "अजून काही मेसेज नाही आला," म्हणाली. "अत्ता सारख्या विचारतात. रात्री आडवं होता येत नाही त्यांना, बसूनच झोपतात."

"येईल," मी म्हणाले. माझी कळशी भरली होती. मी ती उचलली.

सातव्या दिवशी दुपारी मी टॅब उघडला नाही. चिन्नूशेजारी आडवी पडले, तिच्या पाठीवर हात ठेवून. तिच्या पाठीत तिचं छोटं काळीज धडधडत होतं, भरभर, लहान मुलांचं असतं तसं. संध्याकाळी बघितलं तेव्हा निळी अक्षरं नव्हती.

मनात एक पळवाटही तयार होती: खरं लिहिलं असतं तर अम्मा मेल्यावर खोटारडी ठरली असती, म्हणून मी थांबले. कुणी विचारलं असतं तर हेच सांगितलं असतं. कुणी विचारलं नाही. आणि दुसरं एक मला फार उशिरा लक्षात आलं. बालामणीला जिवंत लिहिणारं तेच चौथं पान अम्माच्या मरणाचं होतं. तिथं एक रकाना होता, प्रत्यक्ष मृत व्यक्तीचं नाव. तो मी रिकामा सोडून आले होते. नरसम्मा तेव्हाही कुठल्या कागदावर नव्हती आणि आताही नाही. तिला तिच्या नावानं मरू द्यायची एकच संधी मला मिळाली होती, ती मी लाल बटणाला दिली.

बालामणी पाचव्या आठवड्यात गेली. सकाळची वेळ होती. मी दारात बसून चिन्नूच्या वेण्या घालत होते, बालवाडीत तिचा कुठलासा कार्यक्रम होता. गल्लीतून माणसं आली, पुढं अंबादास मडकं धरून, मागं तिरडी. झेंडूच्या माळांतून फक्त तोंड दिसत होतं, आणि ते सुजलेलं नव्हतं, उलट लहान झालं होतं. विजी तिच्या दाराशी थांबली होती. आमच्याकडे नजर गेली तर तिनं हात जोडले. मला. मी केलं ना त्यांच्यासाठी जेवढं जमलं तेवढं, म्हणून.

मी पण हात जोडले. कंगवा हातातच होता.

माणसं वळणावरून गेली. मी उरलेली वेणी घालायला घेतली. केस तीन भागांत केले, परत सुटले, परत केले.

"ती भूतवाली आजी होती ना?" चिन्नू म्हणाली.

"हं."

"मेली?"

"हो."

"खरीखुरी?"

"मान सरळ ठेव."

तिनं मान सरळ ठेवली. मग माझ्या हातातून वेणी सोडवून घेत ती पूर्ण मागं वळली आणि गुडघ्यांवर बसली. तिचं तोंड माझ्या तोंडासमोर आलं. रागावली नव्हती. तिला फक्त समजत नव्हतं.

"आई, तिनं अम्मम्माला स्वतःचं कार्ड दिलं होतं ना?"

"दिलं होतं."

"मग तू तिला तिचंच का नाही दिलंस?"